गाळ नसलेली खोली

१

सिरसाळ्याहून लेणीकडे जाणारा रस्ता पौर्णिमाला इतका पाठ झाला होता, की कुठल्या खड्ड्याला स्कुटी हळू घ्यायची ते तिच्या हातांनाच कळायचं. रविवारी सकाळचा चहा झाला की ती मेणबत्त्या, उदबत्तीचा पुडा आणि केरसुणी पिशवीत घालायची, वडिलांना मागे बसवायची आणि निघायची. निवृत्ती तिच्या खांद्याला धरून बसत. उभी हयात एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलेली, त्यामुळे मागे बसूनही वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. पौर्णिमाला ते जाणवायचं आणि हसू यायचं.

लेणी म्हणजे काही वेरूळ-अजिंठा नव्हे. नदीच्या वळणावर एक काळा कडा, त्यात कोरलेलं एक सभागृह, मधोमध माणसाच्या उंचीचा स्तूप आणि भिंतीच्या कडेने भिक्खूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या. प्रत्येक खोलीत निजायला दगडाचा ओटा, उशालाही दगडच. समोर खाली धरणाच्या फुगवट्याचं पाणी. बुद्धपौर्णिमेला आसपासच्या गावांतून माणसं येत, भोजनदान होई. एरवी तिथे वटवाघळं असत, नाहीतर हे दोघं बापलेक. झाडलोट करायची, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं, आणि वर रस्त्याच्या कडेला जगदेवीबाईंच्या टपरीवर चहा पिऊन घरी यायचं. जगदेवीबाई लिंगायताच्या. कपाळाला विभूती, तोंडाने फटकळ, पण निवृत्तींच्या चहात साखर घालायची नाही हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

निवृत्तींना सगळा गाव आबा म्हणायचा. तरुणपणी त्यांनी वस्तीतली भीती मोडून काढली होती. तिठ्यावर कुणी उतारा टाकला की आबा त्यातलं लिंबू उचलायचे, घरी आणून सरबत करायचे आणि सगळ्यांसमोर प्यायचे. "आपल्यात भूत नसतंय," हे त्यांचं वाक्य. पौर्णिमा त्या वाक्यावर वाढली, विज्ञान शिकली आणि गावातल्याच हायस्कूलला विज्ञानाची बाई झाली.

आबांना एकच दुखणं होतं. सिंधुबाई, म्हणजे पौर्णिमाची आई, गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मुलगी आणि जावई त्यांना आपल्या घरी घेऊन आले, नात आरोही त्यांच्या अंगाखांद्यावर खेळू लागली, तरी डोळ्याला डोळा म्हणून लागत नव्हता. पहाटे कधीही उठून बघावं, तर आबा खाटेवर बसून भिंतीकडे पाहत असायचे.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे एवढं खाली गेलं. लेणीच्या पायथ्याशी, जिथे एरवी पाणीच दिसायचं, तिथे कातळात खोदलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. पायऱ्यांच्या तळाशी एक दार होतं.

२

"म्या पन कधी बघितली न्हवती ही," आबा म्हणाले.

पायऱ्यांवर गाळ वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. पाय ठेवला की खापरीसारखे मोडायचे. कुठे मेलेले शिंपले, कुठे कोळ्याचं फाटकं जाळं. दारापाशी तर गुडघाभर गाळ साचून त्याचा ओटाच झाला होता. आबांनी काठीने तो फोडला, वाट केली आणि दोघं आत गेले.

आत गाळ नव्हता.

ते लक्षात यायला पौर्णिमाला थोडा वेळ लागला. खोली तशी वरच्या खोल्यांसारखीच होती, एका माणसापुरती. एका बाजूला दगडी ओटा, त्याच्या उशाला कोरलेली उशी, भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा. पण जमीन लख्ख होती. उंबऱ्यापर्यंत वर्षानुवर्षांचा गाळ, आणि उंबऱ्याच्या आत नुकतीच झाडून काढल्यासारखी काळी फरशी. भिंतीवर पाण्याची रेघ नाही, शेवाळ नाही, वासही नाही.

"कुनी उपासक येऊन झाडून गेला असंल," आबा म्हणाले.

"आबा, गाळ तर आत्ता तुम्ही फोडला. कुणी आत गेलंय कुठून?"

पौर्णिमा कारण शोधू लागली. तो तिच्या धंद्याचाच भाग होता. पालथा पेला बादलीत दाबला तर आत हवा कोंडून राहते आणि पाणी शिरत नाही, हे ती दरवर्षी पोरांना करून दाखवायची. इथेही तसंच झालं असेल. मग तिने दाराकडे पाहिलं. दाराची चौकट थेट छतापर्यंत होती. हवा अडून राहील असं काहीच तिथे नव्हतं.

आबा ओट्यावर टेकले होते. त्यांनी तळहात दगडावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"हात लावून बघ बरं."

दगड कोमट होता. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा.

"उन्हानं तापला असेल," ती म्हणाली.

"ऊन कुठंय हितं."

खरंच, ऊन नव्हतं. दाराचं तोंड उत्तरेला, वर कड्याची सावली. आबा हळूच आडवे झाले, उशीवर डोकं ठेवलं आणि तिच्याशी बोलता बोलताच झोपी गेले. पौर्णिमा उंबऱ्यात बसून राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती वडिलांचं घोरणं ऐकत होती. इतकं बरं वाटलं तिला, की गाळाचा विचार तिने मनातून काढून टाकला.

३

त्यानंतर आबा रविवारची वाट बघेनासे झाले. शाळेला सुट्टी होती, पण पौर्णिमाच्या मागे पेपर तपासणं, आरोहीचं आवरणं अशी कामं असत. आबा जेवण उरकून काळ्या-पिवळी जीपमध्ये बसून एकटेच जाऊ लागले. दुपारभर तिथे झोपायचे आणि उन्हं उतरली की ताजेतवाने होऊन परत यायचे. "लई गाढ लागती बघ तिथं," म्हणायचे. "सपान न्हाई, काई न्हाई."

पौर्णिमाचा नवरा अनिल कृषी सहायक होता. दिवसभर शेतकऱ्यांच्या बांधावर फिरून आलेल्या माणसाला सासऱ्याला झोप लागते याचं बरंच वाटलं. "झोपू दे की," तो म्हणाला. "कातळ थंड असतो, उन्हाळ्यात बरं वाटत असेल."

"थंड नाही तो," पौर्णिमा म्हणाली.

आबांचा फरक पहिल्यांदा ओळखला तो आरोहीने. दुपारी आबांच्या पोटावर डोकं ठेवून गोष्ट ऐकणारी पोर त्यांच्याजवळ जाईना. कारण विचारलं तर म्हणाली, "आबा गार लागतात."

पौर्णिमाने पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांचा हात धरून पाहिला. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं, कूलर गरम वारा फेकत होता, आणि आबांचा हात माठाच्या बुडाइतका गार होता. तिने त्यांना अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं. रक्त थोडं कमी निघालं, बाकी काही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हातारपणी रक्ताभिसरण मंदावतं असं सांगितलं. पटण्यासारखंच होतं. पौर्णिमाने ते पटवून घेतलं.

पाऊस लांबला. शाळा सुरू झाली तरी धरण रितंच होतं. पुढच्या रविवारी ती आबांना घेऊन लेणीला गेली. आबा पायऱ्या उतरू लागले, ती टपरीजवळ स्कुटी लावत होती. जगदेवीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"मॅडम, तुमी आबाला आत्ता आणलंत?"

"हो. का?"

"न्हाई, म्हणलं…" जगदेवीबाईंनी पातेल्यातला चहा ढवळला. "मघाशी तर खाली उतरताना बघितलं म्या. पांढरा सदरा, हातात काठी. हाक बी मारली. वळले न्हाईत, म्हणलं ऐकू गेलं नसंल."

"दुसरं कुणी असेल, मावशी."

"असंल," जगदेवीबाई म्हणाल्या. पण त्यांनी चहा गाळला आणि कप तिच्या हातात द्यायचा सोडून तसाच धरून ठेवला. "आन मग तो वर कावून आला न्हाई?"

४

पौर्णिमाने शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक पिशवीत टाकला. आपण हे का करतोय असं तिने स्वतःला विचारलंही. उत्तर सोपं होतं. मोजलं की भीती संपते. आबांनीच तिला ते शिकवलं होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती एकटीच खाली उतरली. आबा त्या दिवशी घरी होते, तिने मुद्दाम आरोहीपाशी थांबायला सांगितलं होतं. खोली रिकामी होती आणि झाडलेली होती. तिने तापमापक आधी भिंतीला लावला, मग जमिनीला. दोन्हीकडे गारवा, कातळात असतो तसा. मग ओट्यावर ठेवला. पारा चढत गेला आणि माणसाच्या अंगाइतका होऊन थांबला.

ठीक आहे, ती स्वतःशीच म्हणाली. खाली गरम पाण्याचा झरा असेल. दगडातून ऊब येत असेल.

मग तिने तापमापक बाजूला ठेवला आणि नुसता तळहात ओट्यावरून फिरवला. तेवढं तिने करायला नको होतं. ऊब सगळीकडे सारखी नव्हती. उशीपाशी एक ठिकाण चांगलं उबदार, मग कमी. पुढे कमरेच्या जागी पुन्हा जास्त, मग जवळजवळ नाहीच, मग घोट्याशी थोडी. अंथरुणावर कुणी कुशीवर निजून उठलं की खांद्याची आणि खुब्याची जागा जशी जास्त उबदार लागते, तशी.

आबा आज आले नव्हते. काल आले होते.

घरी गेल्यावर तिने आबांना सरळ सांगितलं, आता तिथे झोपायला जायचं नाही.

आबा शेंगा सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, "कावून?"

"चांगलं नाही ते. तुमची तब्येत बघा."

"तब्येतीचं बोलू नकोस. दुसरंच काय तरी बोलायलीस तू." त्यांनी आता मान वर केली. चष्म्याआड डोळे शांत होते. "आपल्यात भूत नसतंय, पौर्णिमा. शाळेत काय शिकवतीस पोरांना?"

"मी भूत म्हणाले का?"

"मग भेलीस कावून?"

ज्या माणसाने तिची भीती मोडली होती, त्याच्यासमोर भीती कबूल करायची तिला लाज वाटली. आणि ती लाज पुढे फार महागात पडली.

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुझी माय गेल्यावर म्या झोपलो न्हवतो गं. तिथं झोपतो. तेवढं राहू दे."

तिने तेवढं राहू दिलं.

५

भाद्रपदात वरच्या अंगाला पाऊस झाला. सिरसाळ्यात नुसतं आभाळ होतं, पण नदी दोन्ही थड्या भरून आली आणि धरणाचं पाणी दिवसागणिक चढू लागलं. गावात लोक खूश होते. मधल्या सुट्टीत पौर्णिमाने घरी फोन लावला. शेजारची बबिता आरोहीला सांभाळायला आली होती, तिनेच उचलला. आबा सकाळीच गेले म्हणाली.

पौर्णिमाने मुख्याध्यापकांना काहीतरी सांगितलं आणि स्कुटी काढली.

टपरीवर जगदेवीबाई बाहेरच उभ्या होत्या. "बरं झालं आलात. आबा सकाळधरनं खालीच हायेत. म्या दोनदा हाका मारल्या. पाणी चढायलंय, मॅडम."

"वर आलेच नाहीत?"

"ह्या वाटेनं तर न्हाई. आन दुसरी वाट हाय कुठं."

पौर्णिमा पायऱ्या उतरू लागली. वरचं सभागृह मागे पडलं. खालच्या पायऱ्यांवरचा गाळ पुन्हा भिजून मऊ झाला होता. तळाच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. तिने चप्पल काढून हातात घेतली आणि पाण्यात पाय टाकला. पाणी पोटऱ्यांच्या वर आलं. गढूळ, गार, ओढ असलेलं. दार तिच्या समोर होतं.

पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं.

आत उतार होता, अडवायला काही नव्हतं, तरी पाणी उंबऱ्यावर भिंतीसारखं उभं होतं आणि आत जमीन कोरडी होती. आपण हे बघतोय हे तिला कळत होतं. पण आत ओट्यावर आबा निजलेले दिसत होते, आणि त्यापुढे बाकी कशाचा विचार करायला वेळ नव्हता. तिने उंबरा ओलांडला.

आबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले होते. पांढरा सदरा, पाय पोटाशी घेतलेले. कोनाड्यात घडी करून ठेवलेला चष्मा. काठी ओट्याला टेकवलेली. तिने खांद्यावर हात ठेवला.

"आबा, उठा. पाणी आलंय."

खांदा उबदार होता. किती महिन्यांनी तिला वडिलांच्या अंगाची ऊब लागली होती. घामाचा आणि तंबाखूचा तो ओळखीचा वास आला आणि तिचे डोळे भरून आले. तिने खांदा हलवला. "आबा. उठा ना."

"पौर्णिमा."

हाक मागून आली होती, वरून.

तिने मान वळवली. दारातून पायऱ्यांचं वळण दिसत होतं. तिथे, उजेडाला पाठ देऊन, आबा उभे होते. पांढरा सदरा, हातात काठी.

"तिथं कशाला गेलीस," आबा म्हणाले. "वर ये. म्या हितं हाय."

तिचा हात अजून खांद्यावरच होता. हाताखाली तो खांदा हलला. निजलेला माणूस कुशीवरून वळू लागला. म्हातारा माणूस वळतो तसा, सावकाश, आधी खांदा, मग कंबर. तिला कान दिसला. कानाजवळचे पांढरे खुंट दिसले. गालाचा थोडा भाग दिसला, त्यावर दगडाचे वळ उठले होते, उशीवर बराच वेळ गाल दाबून राहिल्यावर उठतात तसे.

तिने हात ओढून घेतला आणि मागे सरली. उंबऱ्याला अडखळली, पाण्यात पडता पडता सावरली.

पाठीमागून झोपेने जडावलेला आवाज आला. "थांब जरा. पायाला मुंग्या आल्यात. उठतो."

ती थांबली नाही. पाण्यातून, गाळातून, हाताने पायऱ्या धरत ती वर पळाली. वळणावर आबांनी हात पुढे केला, तिने तो धरला. हात बर्फासारखा गार होता, आणि त्या गारव्यानेच तिला धीर आला. हेच आपले आबा, तिला वाटलं. आबा गारच तर असतात.

खालून एकदम पाणी कोसळल्याचा आवाज आला. रिकाम्या हौदात पाटाचं पाणी सोडावं, तसा. तो बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

"काय होतं ते?" तिने विचारलं.

"पाणी हाय," आबा म्हणाले.

त्यांच्या पायांत चपला होत्या. कोरड्या, गाळाचा एक ठिपका नसलेल्या. ते तिने पाहिलं. पण त्या वेळी तिला ते कळलं नाही.

वर जगदेवीबाईंनी आबांना पाहून सुस्कारा सोडला. "आले एकदाचे," म्हणाल्या. मग आबा पुढे जाऊन स्कुटीशी उभे राहिले, तेव्हा त्या तिच्या जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमचा ह्यो हात बघा."

उजवा तळहात लाल झाला होता. शेकोटीजवळ धरल्यासारखा.

६

अनिलला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं नाही. "आत आणखी कुणीतरी होतं," एवढंच. अनिल भला माणूस. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो टपरीवर गेला, आसपासच्या गावांत विचारून आला, ओळखीच्या हवालदाराला विचारलं. कुठेच कुणी बेपत्ता नव्हतं.

"खाली गेलेला माणूस एकच," तो तिला म्हणाला. "आणि तो वर आलाय. तू घाबरलेली होतीस, अंधार होता. ओट्यावर त्यांची चादर असेल."

चादर बोलत नाही, असं ती म्हणाली नाही. कारण तसं म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य म्हणावं लागलं असतं. मी कुणाला खाली ठेवून आले?

घरात सगळं सुरळीत झालं. आबांनी लेणीचं नाव काढणं सोडलं. आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर ते झोपू लागले, आणि चांगले गाढ झोपू लागले. चष्मा खालीच राहिला म्हणून अनिल नवा करायला निघाला, तर आबांनी नको म्हणून सांगितलं. बिनचष्म्याचे ते वर्तमानपत्र वाचत. मोतीबिंदू पिकताना कधी कधी जवळचं दिसू लागतं, असं डॉक्टरांनी अनिलला सांगितलं. पौर्णिमानेही पुस्तकात पाहिलं, खरंच तसं होतं. सकाळी तिघं वंदनेला बसत तेव्हा आबांचे ओठ हलत. आवाज येत नसे. म्हातारपणी आवाज बसतो, तेही खरंच होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि कारणं ती स्वतःच शोधून आणत होती.

आणि मग आबांच्या हाताचा गारवा हळूहळू कमी होऊ लागला. दिवाळीच्या सुमारास त्यांचे हात इतर कुणाच्याही हातांसारखे झाले. गोळ्या लागू पडल्या, अनिल म्हणाला. आरोही पुन्हा त्यांच्याजवळ जाऊ लागली. दुपारी शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आबांच्या कुशीत शिरून झोपायची. खेळायलाही जाईना. "आबा मस्त गरम गरम असतात," म्हणायची. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं म्हणून पौर्णिमाने एक दिवस खीरसुद्धा केली.

पुढच्या आठवड्यात ती दुपारी लवकर घरी आली. आरोही आबांच्या खाटेवर झोपली होती. केस सगळे विस्कटलेले, वेणी घालून द्यावी म्हणून पौर्णिमाने तिला उचलून बाहेर आणलं आणि मांडीवर घेतलं. पोर जागी झाली नाही. नुसती मान टाकून पडून राहिली.

आरोहीची मान गार होती. हात गार. पायांचे तळवे तर माठाच्या बुडासारखे.

पौर्णिमाने ओरडा केला नाही. तिने पोरीला गोधडीत गुंडाळलं, शेजारी नेऊन बबिताच्या हाती दिलं, "हिला चुलीजवळ घेऊन बस, माझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नको," म्हणाली, आणि परत आली. अनिलला फोन लावला. तो तेलगावकडे कुठेतरी होता, निघतो म्हणाला. मग ती आबांच्या खोलीच्या दाराशी गेली.

खाटेवर आबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजले होते. पाय पोटाशी घेतलेले. त्यांच्या अंगाची ऊब दारापर्यंत येत होती. पण घामाचा वास नव्हता, तंबाखूचाही नव्हता. काहीच वास नव्हता. तिने आठवून पाहिलं, आबांना तंबाखू चोळताना शेवटचं कधी पाहिलं होतं. पाणी चढण्याच्या आधी.

खाटेवरचा खांदा हलला. वळू लागला.

तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

आत खाट करकरली. पावलं आली नाहीत, तरी आवाज दाराला लागूनच आला. तोच आवाज, समजुतीचा, जराही न रागावलेला.

"पोरीला कुठं नेलंस? झोपली होती की ती."

पौर्णिमाने दोन्ही तळहात दारावर दाबून धरले. लाकूड कोमट होत चाललं होतं. तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. पायाला मुंग्या आल्यात, उठतो. किती साधं वाक्य. आयुष्यभर आबा लांबची ड्यूटी करून आले की हेच म्हणायचे, आणि ती लहान असताना त्यांच्या पायांवर उभी राहून ते चेपून द्यायची.

खिडकीतून रस्त्यावरची माणसं दिसत होती. धरण काठोकाठ भरलं होतं, साऱ्या तालुक्याच्या तोंडावर त्याचाच आनंद होता. यंदा पाण्याची चिंता नाही, उन्हाळ्याशिवाय काही ते उतरत नाही, असं जो तो सांगत होता.

दाराआडून पुन्हा हाक आली. तिने दारावरचे हात काढले नाहीत.